अण्णासोच्या नाकातली चमकी

हेरवाड्यांच्या घरात उंदीर मेला आहे, याबद्दल चार दिवस कुणाच्याच मनात शंका नव्हती. शंका होती ती फक्त जागेबद्दल. दानेश्वरीने पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी केली. दुसऱ्या दिवशी गव्हाची पोती हलवली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या गिरणीतून कृष्णाताला बोलावून लोखंडी कपाट भिंतीपासून ओढायला लावलं. कपाटामागे एक कंगवा, दोन पेन्सिली आणि पाच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर सापडलं. उंदीर सापडला नाही. वास मात्र कधी सोप्यात यायचा, कधी माजघरात; आणि संध्याकाळी गिरणी बंद झाली की हमखास वाढायचा.

चौथ्या दिवशी सकाळी दानेश्वरी नवऱ्याला चहा द्यायला वाकली आणि तशीच थांबली. तिने आपलं नाक आधी अण्णासोच्या उजव्या गालाजवळ नेलं, मग डाव्या. लग्नाला सतरा वर्षं झाल्यानंतर हे काय चाललंय, ते अण्णासोला कळेना. तो जरा लाजलाही. तेवढ्यात दानेश्वरी दोन पावलं मागे सरकली आणि तिने पदर नाकाला लावला.

"काय झालं?" अण्णासोने विचारलं.

"उंदीर घावला."

"कुठं?"

"तुमच्या नाकात."

अण्णासोच्या हातातली बशी तिरकी झाली आणि निम्मा चहा धोतरावर सांडला.

अण्णासो हेरवाडे हा चाळिशीचा, भरघोस मिशांचा, आवाजाला मोठा माणूस. उचगावात त्याची मिरची कांडपाची गिरणी होती आणि मार्च महिना लागला की निम्म्या गावाची चटणी त्याच्याकडे कुटून व्हायची. त्याची डावी नाकपुडी लहानपणापासून वाहायची. पण मिरचीच्या धंद्यातला माणूस शिंकला तर त्यात नवल कुणाला वाटणार? डोकं दुखायचं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा दिला होता. गाल ठणकायचा म्हणून दातांच्या डॉक्टरने एक चांगली दाढ उपटली होती. वाफारा, वेखंड, निलगिरी, सगळं झालं होतं. वासाचं म्हणाल, तर अण्णासोला स्वतःला वास असा येतच नव्हता. चटणी खरपूस भाजली की नाही, हेसुद्धा तो रंगावरून सांगायचा.

"अव्वा, माझ्या नाकाला वास येतोय का गं?" त्याने आईला विचारलं.

बसम्माचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं. अडुसष्ट वर्षांची होती, पण बोलण्यात हिशेबी कधीच नव्हती. "यायचाच की," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळ्याच गड्यांचा येतोय."

त्याच दुपारी दानेश्वरीने नवऱ्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि कोल्हापुरात राजारामपुरीत नेलं. मागे बसवलं, कारण पुढे बसवला तर वारा तिच्याकडे येत होता.

कान-नाक-घशाच्या डॉक्टर वर्षाराणी इंगवले वयाने तरुण आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले.

"किती वर्षं होतंय?"

"जल्मापास्नं म्हणा की."

"खाली वाकल्यावर दुखतं?"

"पोतं उचलाय वाकलो की गालात कुणीतरी दगड ठेवल्यागत हुतंय."

"दोन्ही नाकपुड्या वाहतात?"

"न्हाय, न्हाय. डावीच. उजवी एकदम झ्याक हाय." अण्णासोने उजव्या नाकपुडीतून जोरात श्वास घेऊन दाखवला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि याआधी सगळ्यांनी काय सांगितलं?"

"मिरचीची धूळ."

"मिरचीची धूळ एकाच नाकपुडीत जाते होय?"

अण्णासो आणि दानेश्वरी एकमेकांकडे बघत राहिले. चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता, याचाच त्या दोघांना धक्का बसला.

"सायनस जुनाट सुजलेत, एवढं मी आत्ताच सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "सर्दी असती तर दोन्हीकडे असती. एकाच बाजूचं, इतकं जुनं आणि असल्या वासाचं दुखणं असलं, तर आत काहीतरी कारण असतं. आधी एक्स-रे काढून आणा."

एक्स-रेचं दुकान त्याच रस्त्यावर, तळमजल्यावर होतं. तिथल्या पिराजीने अण्णासोला पाटीसमोर बसवलं, हनुवटी पाटीला टेकवायला लावली, तोंड उघडायला सांगितलं, आणि फोटो काढून तो आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला. पाच मिनिटांनी बाहेर आला तो कपाळाला आठ्या घालून.

"पावणं, नाकातली चमकी काढून बसायचं असतंय. फोटो वाया गेला माझा."

अण्णासोने इकडेतिकडे बघितलं. खोलीत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

"कुणाला बोलाय लागलाईस?"

"तुम्हालाच की."

"मी गडी माणूस हाय! चमकी कशाला घालीन?"

"कोण काय घालतंय आम्ही कशाला इचारू? आमचं म्हणणं एवढंच, की फोटो काढताना काढायची."

अण्णासोने उठून स्वतःचं नाक दोन बोटांनी पिराजीपुढे धरलं. उजवी बाजू दाखवली, डावी दाखवली. पिराजीने बॅटरी आणून बघितलं. भोक नव्हतं, चमकी नव्हती. त्याने दुसरा फोटो काढला, पुन्हा आत गेला, आणि यावेळी बाहेर आला तेव्हा त्याच्या आठ्या गेल्या होत्या. तोंड उघडं होतं. फोटो दोन्ही हातांनी धरून तो एकदा त्याच्याकडे, एकदा अण्णासोच्या नाकाकडे बघायला लागला.

"पावणं, चमकी नाकावर न्हाय," तो हळूच म्हणाला. "आत हाय."

डॉक्टर इंगवल्यांनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. कवटी करडी दिसत होती. उजव्या गालाची पोकळी काळी होती, म्हणजे हवेने भरलेली, चांगली. डावी सगळी पांढुरकी. आणि नाकाच्या खोबणीत मागच्या बाजूला एक टपोरा, चकचकीत पांढरा ठिपका. दानेश्वरीला वाटलं, फोटोवर खडू सांडलाय. तिने तो बोटाने पुसून बघितला.

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झालं. अण्णासोला पालथं झोपवून, मान वर करायला लावून त्या मोठ्या चक्रात घातलं. चक्र फिरायला लागल्यावर त्याला आपल्या गिरणीत पडणाऱ्या मिरचीचं दुःख पहिल्यांदा कळलं. पण त्यातून जे दिसलं ते अगदी स्वच्छ होतं.

"तुमच्या नाकात धातूची वस्तू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "लहानपणी घातलेली असणार. लहान मुलं घालतात. इतक्या वर्षांत तिच्याभोवती खडा धरलाय. त्या खड्याने गालाच्या पोकळीची वाट बंद केली, म्हणून आतलं साचत राहिलं आणि सायनसला कायमची सूज आली. भूल देऊन दुर्बिणीतून काढू. अवघड नाही."

"पर हाय काय ती वस्तू?"

"ते काढल्यावरच कळेल. स्क्रू असेल, मणी असेल, काहीही."

"पिराजी म्हणला चमकी हाय."

"पिराजी काय नाकात जाऊन आला नाही. काढल्यावर बघू."

डॉक्टरांचं हे शेवटचं वाक्य अण्णासोने नीट ऐकलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं. पण इतकी वर्षं नाकात चमकी घेऊन फिरणाऱ्या माणसाचं लक्ष ठिकाणावर कसं राहील?

घरी आल्यावर अण्णासोने सोप्यात, दाराच्या उजेडात, फोटो वर धरला. "अव्वा, हे बघ. माझ्या नाकात चमकी हाय म्हणं."

बसम्मा तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं. फोटोतली कवटी बघितली, कवटीतला तो पांढरा ठिपका बघितला, आणि सूप मांडीवरून घरंगळलं. ती उठायला गेली आणि मागच्या मिरच्यांच्या पोत्यावर धपकन बसली. पोत्यातून जो ठसका उठला त्याने तिघंही पाच मिनिटं खोकत राहिली.

"अय्यो शिवा!" खोकला थांबल्यावर बसम्मा म्हणाली. तिचा हात स्वतःच्या नाकाकडे गेला होता. "अण्णा, ती माझी चमकी."

"तुजी तर तुझ्या नाकात हाय की."

"ही माझी न्हवं. ही धोंडुबाईची."

धोंडुबाई म्हणजे शेजारीण. दोन घरांमध्ये एक पुरुषभर उंचीची भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडच्या माणसांशी बोलायचं नाही, एवढंच अण्णासोला लहानपणापासून माहीत होतं. का बोलायचं नाही, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. दानेश्वरीने लग्न होऊन आल्यावर विचारलं होतं, तेव्हा सासूने भांडं आपटलं होतं. आज बसम्माने पोत्यावर बसल्या बसल्या सगळं सांगितलं.

अण्णासो चार वर्षांचा होता. बसम्माला पडसं झालं होतं, नाक सुजलं होतं, म्हणून तिने माहेरची हिऱ्याची चमकी काढून आरशापुढच्या कोनाड्यात ठेवली. तेवढ्यात धोंडुबाई विरजण मागायला आली. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. विरजण घेऊन धोंडुबाई गेली आणि बसम्मा बघते, तर कोनाडा रिकामा. तिने गल्लीत उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, धोंडुबाईचं नाव घेतलं. धोंडुबाईने नृसिंहवाडीला जाऊन, ओल्या लुगड्याने, दत्तापुढे शपथ घेतली. पण तिची सासू घराण्याच्या नावाला जपणारी. तिने सुनेच्या नाकातली स्वतःची चमकी काढून घेतली आणि बसम्माच्या उंबऱ्यावर आणून ठेवली. त्या दिवसापासून धोंडुबाईने नाकात दुसरा दागिना घातला नाही. भोक बुजू नये म्हणून खराट्याची काडी घातली. पस्तीस वर्षं ती काडी नाकात घालूनच धोंडुबाई लग्नाकार्याला जात होती, आणि कुणी विचारलं की भिंतीकडे बोट दाखवत होती.

दानेश्वरीने बोटं मोजून खात्री करून घेतली. "म्हंजे आत्ती, तुमच्या नाकात त्यांची हाय."

"व्हय."

"आणि ह्यांच्या नाकात तुमची."

"व्हय."

"आणि त्यांच्या नाकात काडी."

बसम्माने मान खाली घातली.

"म्हंजे चोर मी?" अण्णासो ओरडला. गावच्या पतसंस्थेचा तो संचालक होता. गेल्याच महिन्यात त्याने प्रामाणिकपणावर शाळेत भाषण केलं होतं.

"तू पोरगं हुतास," बसम्मा म्हणाली आणि ताडकन उठली. "मी आत्ता जातो आणि तिची चमकी तिला देतो."

"अव्वा, डॉक्टरीण म्हणल्या, काढल्यावर खात्रीनं—"

"खात्री कसली? मला ठाव हाय. आत्ताच जातो!"

आई इतकी घाई का करते आहे, याचं अण्णासोला आश्चर्य वाटलं. पण इतक्या वर्षांचं पाप डोक्यावर बसल्यावर माणूस असंच करणार, असं त्याने मनाशी ठरवलं.

चमकी मात्र निघेना. पस्तीस वर्षांत तिची फिरकी मांसात रुतून बसली होती. आधी साबण लावून झाला, मग खोबरेल. दानेश्वरीने दोरा अडकवून ओढलं, तेव्हा बसम्माची किंकाळी गिरणीपर्यंत गेली आणि कृष्णात मिरचीचं काम टाकून धावत आला. त्याने परिस्थिती बघितली आणि खिशातून पक्कड काढली. धावत येण्यापेक्षा त्याने हात धुऊन यायला हवं होतं. मिरचीचे हात नाकाला लागल्यावर बसम्माने जे काही केलं, ते बघून कृष्णात पक्कड तिथेच टाकून परत गेला.

शेवटी लिंबाएवढं लालबुंद नाक, डोळ्यांतून वाहणारं पाणी आणि हातात एक्स-रे, अशा अवस्थेत बसम्मा पस्तीस वर्षांनी शेजारच्या दारात उभी राहिली. मागे अण्णासो आणि दानेश्वरी.

धोंडुबाई अंगणात शेण गोळा करत होती. उंच, काटक, नाकात काडी. तिने बसम्माला बघितलं आणि तिच्या हातातली पाटी खाली पडली. "कोण गेलं?" तिने विचारलं. एवढं रडत बसम्मा आपल्या दारात यायची, म्हणजे कुणीतरी गेल्याशिवाय शक्यच नव्हतं.

"कोण न्हाय गेलं. धोंडुबाई, तू चमकी घेतली न्हवतीस."

"ते मला ठाव हाय. तुला कधी कळलं?"

"आत्ता." बसम्माने फोटो पुढे केला. "ह्याच्या नाकात हाय."

धोंडुबाईने फोटो उजेडाकडे धरला. उलटा धरला होता, तो अण्णासोने सुलटा करून दिला. ती खूप वेळ बघत राहिली. मग तिने अण्णासोची हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं आणि त्याच्या डाव्या नाकपुडीत डोकावून बघितलं. एखाद्या विहिरीत बघावं तसं.

"मावशी, मला काय आठवत न्हाय हो. चुकलं माझं," अण्णासो तशाच अवस्थेत म्हणाला.

"आणि माझी चमकी?" धोंडुबाईने बसम्माला विचारलं.

"निघंना झालीया गं."

"पस्तीस वर्षं घालून फिरलीस, आणि आता निघंना व्हय?" धोंडुबाईचा आवाज चढला. मग तो एकदम उतरला. ती खाली बसली, शेणाच्या हातांकडे बघत राहिली. "माझी सासू मरताना म्हणली हुती, धोंडे, आता तरी खरं सांग. तिलाबी पटलं न्हवतं."

बसम्मा तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

थोड्या वेळाने धोंडुबाईने हात धुतले, पदर खोचला आणि फोटो उचलला. "हा माझ्याकडं राहू दे."

"मावशी, तो डॉक्टरला लागतोय," अण्णासो म्हणाला.

"देतो की. गावाचं बघून झालं की देतो."

त्या संध्याकाळी दूध घालायला डेअरीत आलेल्या प्रत्येक माणसाने अण्णासोची कवटी बघितली. धोंडुबाईने ती ट्यूबलाइटसमोर धरली होती. तिचा मुलगा जोतीराम शेजारी उभा राहून काडीने ठिपका दाखवत होता. "हितं बघा! पांढरं दिसतंय ते! हीच ती चमकी! चोरीचा आळ घेतलावता न्हवं माझ्या आईवर?" दुसऱ्या दिवशी फोटो बायकांच्या भिशीत गेला, तिसऱ्या दिवशी शाळेत. विज्ञानाच्या मास्तरांनी तो दोन वर्गांना दाखवला. पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांनी धोंडुबाईकडे बघून तोंड फिरवलं होतं, त्यातल्या ज्या जिवंत होत्या त्या एकेक करून तिच्या अंगणात येऊन चहा पिऊन गेल्या.

इकडे गिरणीत मिरचीपेक्षा माणसंच जास्त यायला लागली. कुणी म्हणे, "अण्णासो, जरा मान वर करा बघू." कुणी विचारी, "शिंकलं की वाजती का वो आत?" एका म्हातारीने तर आपली हरवलेली जोडवी कुठे दिसतात का बघा म्हणून त्याला फोटो परत काढायला सांगितला. पतसंस्थेच्या बैठकीत अण्णासो उठला, तेव्हा अध्यक्षांनी टेबलावरचं आपलं सोन्याचं घड्याळ नकळत खिशात टाकलं. अण्णासोने ते बघितलं आणि तो परत खाली बसला.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर इंगवल्यांच्या दवाखान्यात हेरवाडे घराण्यातली दोन नाकं दाखल झाली. आधी बसम्माचं. जागा बधिर करून डॉक्टरांनी बारीक कात्रीने फिरकी कापली आणि चमकी काढली. बसम्माने ती तशीच बाहेर बाकावर बसलेल्या धोंडुबाईच्या हातात दिली. धोंडुबाईने ती पदराने पुसली, परत परत पुसली, आणि मुठीत धरून ठेवली. घालायची कशी, फिरकी तर कापली होती.

मग अण्णासोला आत नेलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणायला दानेश्वरी खाली गेली. बाकावर दोघी म्हाताऱ्याच राहिल्या. पाऊण तासाने दार उघडलं आणि डॉक्टर एक स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"छान झालं. सगळं निघालं. वाट मोकळी केली. आता सायनसही बरे होतील," त्या म्हणाल्या. "आणि वस्तूही मिळाली. खडा फोडून साफ केलीय. बघा."

दोघींनी एकदमच ट्रेमध्ये डोकावून बघितलं. कापसाच्या बोळ्यावर एक काळपट, गोल वस्तू होती. मधे बारीक टोक, कडेला चार भोकं.

"टिचबटण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "झंपराचं वगैरे असेल."

धोंडुबाईच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. डेअरी, भिशी, शाळा, अंगणातले चहाचे कप, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. तिने मुठीतली चमकी आणखी घट्ट धरली.

"न्हाय," बसम्मा ठामपणे म्हणाली. "चमकीच हाय ही."

डॉक्टर थक्क झाल्या. "अहो आजी, हे बटण आहे. ही बघा ना भोकं."

"माझी वस्तू मला वळखाय येत न्हाय व्हय? चमकीच हाय."

"बसम्मा," धोंडुबाई सावकाश म्हणाली. "बटण हाय हे. मला बी दिसतंय. पर मी तुजी चमकी घेतली न्हवती गं. दत्ताची आण."

"ठाव हाय मला."

"बटण निघाल्यावर कसं ठाव हाय?"

बसम्माने एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा बंद दाराकडे. मग नाकाला लावलेला कापूस सावरत ती पुटपुटली, "घावली हुती मला."

"काय?"

"चमकी. तिसऱ्या महिन्यात. हळदीच्या डब्यात. मीच ठेवलीवती, कोनाड्यातनं काढून, आणि इसरलोवतो."

धोंडुबाईचा जबडा खाली गेला.

"तवर तुझ्या सासूनं तुजी चमकी आणून दिलीवती. तू वाडीला जाऊन आलीवतीस. मी कुठल्या तोंडानं सांगू? आज सांगतो, उद्या सांगतो करत करत..." बसम्माने डोळ्यांना पदर लावला. "ह्या फोटोत ते पांढरं बघितलं आणि मला वाटलं, द्येवानंच वाट दावली. पोराच्या नाकावर ढकलावं आणि मोकळं व्हावं."

"पस्तीस वर्षं तुला ठाव हुतं?"

"पस्तीसला तीन महिने कमी."

"आणि ती चमकी? हळदीतली?"

"वाडीला नदीत सोडली. पाप नको म्हणून."

"हिऱ्याची चमकी नदीत?" धोंडुबाई उभीच राहिली. आत्तापर्यंतच्या सगळ्या धक्क्यांत हा तिला सगळ्यात मोठा बसला होता. "अगं भवाने, मला दिली असतीस! मी काडी घालून फिरत हुतो!"

"आत्ता गावात जाऊन सगळं सांगतो," बसम्मा रडत म्हणाली. "डेअरीत उभं राहून सांगतो."

"गप बस!" धोंडुबाई तिच्यावर खेकसली. तिने जिन्याकडे बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला. "सगळ्या गावाला चमकी दावून बसलोय मी. बायका दारात येऊन माफी मागून गेल्यात. त्यात आता बटण घालू नगंस. तुला मी घरी गेल्यावर बघतो. बाई, ही चमकीच हाय."

शेवटचं वाक्य डॉक्टरांना उद्देशून होतं.

"पण मी कागदावर बटणच लिहिणार," डॉक्टर कशाबशा म्हणाल्या. "मला खोटं लिहिता येत नाही."

"तुमचं इंग्रजीत असतंय न्हवं?"

"हो."

"मग लिवा की," दोघी म्हणाल्या.

अण्णासोला शुद्ध आली, तेव्हा खाटेच्या एका बाजूला अव्वा आणि दुसऱ्या बाजूला धोंडुबाई बसली होती. त्याच्या दोन्ही नाकपुड्यांत बोळे होते. त्याने तोंडाने श्वास घेतला आणि विचारलं, "चबकी डिघाली?"

"निघाली!" दोघी एका आवाजात म्हणाल्या.

अण्णासोने कसेबसे दोन्ही हात वर करून धोंडुबाईपुढे जोडले. "बावशी, बाफ करा. सगळं बाझ्यामुळं झालं. बाझ्या अव्वाचा काय दोष डाही."

"असू दे रं लेकरा. तू काय मुद्दाम केलास?" धोंडुबाई मायेने म्हणाली, त्याचा हात थोपटला, आणि खाटेच्या मागून दुसरा हात घालून बसम्माच्या दंडाला असा चिमटा काढला, की बसम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

आपल्यासाठी अव्वा एवढी रडते आहे, हे बघून अण्णासोलाही भरून आलं. तोही रडणार होता. पण नाकात बोळे असल्यामुळे ते त्याला जमेना.